गायलेलं आणि गाळलेलं: राष्ट्रगीतं आणि ब्रीदवाक्यं समजून घेताना

११ जुलै २०१०. जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. सामन्याआधी दोन्ही देशांची राष्ट्रगीतं झाली. डच खेळाडूंना गायला शब्द होते. स्पेनची धून वाजली तेव्हा मात्र त्यांचे खेळाडू नुसतेच उभे होते.

स्पेनचा सामना पाहताना हा प्रश्न दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच: यांना आपलं राष्ट्रगीत पाठ नाही का? पाठ काय करणार? स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, आहे ती फक्त धून. आणि त्या संध्याकाळी डच खेळाडूंच्या वाट्याला जे शब्द होते, त्यांचा अर्थ कळला तर आपण आणखी बुचकळ्यात पडतो. त्यांच्या पहिल्या कडव्याच्या शेवटी गाणारा म्हणतो, की स्पेनच्या राजाचा मी नेहमीच मान राखला आहे. समोर स्पेनचा संघ, आणि तोंडी स्पेनच्या राजाचा मान! शिवाय हे सगळं चाललं होतं अशा देशात, ज्याचं स्वतःचं राष्ट्रगीत पाच भाषांमध्ये आहे.

एक गीत शब्दांविना, एक परक्या राजाचा मान राखणारं आणि एक पाच भाषांचं. या तिघांची गोष्ट नीट समजली, की राष्ट्रगीत म्हणजे काय याचं बरंचसं उत्तर मिळतं.

## आधी नावांचा घोळ मिटवू

आपल्याकडे या नावांत एक नेहमीचा घोळ होतो. मराठीत आपण 'जन गण मन'ला राष्ट्रगीत म्हणतो. हिंदीत त्याला 'राष्ट्रगान' म्हणतात आणि 'राष्ट्रगीत' हा शब्द 'वंदे मातरम्'साठी वापरतात. त्यामुळे हिंदीतला मजकूर मराठीत आला की वाद सुरू होतात. या लेखात राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या नावाने, अधिकृत प्रसंगी, उभं राहून म्हटलं जाणारं गीत.

दुसरा शब्द ब्रीदवाक्य. राजमुद्रेवर, नाण्यांवर, सरकारी कागदांवर दिसणारी छोटीशी ओळ. मराठीतलं हे नाव मला फार नेमकं वाटतं. ब्रीद म्हणजे आपणहून पत्करलेला पण. म्हणून तर आपण 'ब्रीदाला जागणं' म्हणतो. ब्रीदवाक्य हे देशाचं वर्णन नसतं. 'आम्ही असे आहोत' यापेक्षा 'आम्ही असं वागू' हे त्याला सांगायचं असतं. ते पाळलं जाईलच असं नाही, पण न पाळल्याचा जाब विचारायला एक ओळ हाताशी राहते.

राष्ट्रगीत मात्र मला एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या एकत्र फोटोसारखं वाटतं. मधे कोण बसलं, कडेला कोण उभं राहिलं आणि कुणाला बोलावलंच नाही, हे सगळं त्यात दिसतं. फोटो काढण्यापूर्वी झालेली भांडणं दिसत नाहीत, पण माणसं कशी उभी आहेत यावरून त्यांचा अंदाज येतो.

## स्पेन गप्प का?

स्पेनची धून मुळात लष्करी संचलनाची. १७७० मध्ये राजा तिसरा कार्लोस याने तिला मानाच्या धूनचा दर्जा दिला. तिला शब्द देण्याचे प्रयत्न मधल्या काळात झाले. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत एक गीत त्या चालीवर गायलं जाई. त्यामुळे लोकशाही आल्यावर ते शब्द नकोसे झाले. २००८ च्या जानेवारीत स्पेनच्या ऑलिम्पिक समितीने स्पर्धा घेऊन नवे शब्द निवडले. टीका इतकी झाली, की काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले.

अडचण काव्याची नाहीच. स्पेनमध्ये स्पॅनिशखेरीज कॅटलान, बास्क, गॅलिशियन या भाषा बोलणारे मोठे समाज आहेत. गीत कुठल्या भाषेत लिहायचं? त्यात 'एक देश' म्हणायचं की नाही? प्रत्येक शब्दावर कुणीतरी दुखावणार. धूनवर मात्र सगळे एकत्र उभे राहू शकतात.

बोस्निया-हर्झगोव्हिनाचंही असंच. १९९२ ते १९९५ च्या भीषण युद्धानंतर तिथल्या बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट या तीन समाजांना चालेल असं गीत हवं होतं. १९९९ मध्ये स्वीकारलं ते शब्दांविना. कोसोव्होने २००८ मध्ये आपल्या धूनला नाव दिलं 'युरोप', आणि तिलाही शब्द दिले नाहीत.

याला कुणी उणीव म्हणेल. मी म्हणणार नाही. 'मौनं सर्वार्थसाधनम्' आपण सहज बोलून जातो. इथे ते अक्षरशः खरं आहे. ज्या गोष्टीवर एकमत नाही ती बळेच वदवून घेण्यापेक्षा, जेवढ्यावर एकमत आहे तेवढंच वाजवणं हा प्रामाणिकपणा आहे.

## डच लोक स्पेनच्या राजाला का विसरत नाहीत?

'विल्हेल्मस' या डच राष्ट्रगीताचा जन्म सोळाव्या शतकातला. तेव्हा नेदरलँड्सवर स्पेनच्या राजाची सत्ता होती आणि तिच्याविरुद्ध उठाव सुरू झाला होता. ऑरेंज घराण्याचा विल्यम हा त्या उठावाचा नेता, आणि गीतात तोच 'मी' म्हणून बोलतो. पंधरा कडव्यांची आद्याक्षरं ओळीने लावली तर त्याचं नाव तयार होतं: विलेम व्हान नासाऊ.

उठावाच्या सुरुवातीला त्याची भूमिका अशी होती, की आपलं वैर राजाशी नाही, त्याच्या नावाने जुलूम करणाऱ्यांशी आहे. राजा चांगला पण कारभारी वाईट, ही मांडणी इतिहासात पुष्कळदा भेटते. पुढे लढा चिघळला आणि १६४८ मध्ये स्पेनने डच स्वातंत्र्य मान्य केलं. ती ओळ मात्र गीतात राहिली. १९३२ मध्ये 'विल्हेल्मस' अधिकृत राष्ट्रगीत झालं तेव्हाही ती काढली नाही.

ती काढणं अगदी सोपं होतं. पण ती असल्यामुळे गाणाऱ्याला कळतं, की देशाची सुरुवात ठाम घोषणेने झाली नाही. निष्ठा आणि बंड यांच्या कात्रीत सापडलेल्या एका माणसापासून ती झाली.

## गाळलेली कडवी

जर्मनीने नेमकं उलट केलं, आणि तेही सकारण. जर्मन राष्ट्रगीताचे शब्द १८४१ चे, होफमान फॉन फालर्सलेबेन या कवीचे. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, लहान-मोठी अनेक राज्यं होती. 'जर्मनी सगळ्यांच्या वर' या पहिल्या ओळीचा तेव्हाचा रोख होता, की आपापल्या संस्थानापेक्षा एकसंध जर्मनी मोठी माना. नाझींनी ती ओळ जगावर राज्य करण्याच्या अर्थाने गाजवली. त्या कडव्यात देशाच्या सीमा म्हणून ज्या नद्यांची नावं येतात, त्यांच्या काठापर्यंत आजचा जर्मनी पोहोचतही नाही.

महायुद्धानंतर प्रश्न आला, की या गीताचं करायचं काय? १९५२ मध्ये अध्यक्ष होयस आणि चॅन्सलर आडेनाउअर यांच्यातल्या पत्रव्यवहारातून तोडगा निघाला: गीत तेच, पण सरकारी समारंभात तिसरं कडवं म्हणायचं. त्या कडव्याची सुरुवात ऐक्य, न्याय आणि स्वातंत्र्य या तीन शब्दांनी होते. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर १९९१ मध्ये तिसरं कडवं हेच राष्ट्रगीत, असं पुन्हा स्पष्ट केलं गेलं. पहिल्या कडव्यावर कायद्याने बंदी आहे असं अनेकजण समजतात. तशी बंदी नाही. ते राष्ट्रगीताचा भाग नाही, एवढंच.

पूर्व जर्मनीचं १९४९ चं गीत वेगळं होतं आणि त्यात 'एकसंध पितृभूमी'चा उल्लेख होता. सत्तरच्या दशकात तिथल्या सरकारला एकीकरणाची भाषाच नकोशी झाली, तेव्हा शब्द बाजूला पडले आणि उरली धून. पण शब्द काढले म्हणून लोक विसरले नाहीत. १९८९ च्या निदर्शनांमध्ये तीच ओळ घोषणा होऊन रस्त्यावर आली.

रशियाची गोष्ट एका माणसाच्या आयुष्यात मावते. १९४४ मध्ये सोव्हिएत संघाने नवं राष्ट्रगीत स्वीकारलं. सर्गेई मिखाल्कोव्ह हा त्याच्या दोन गीतकारांपैकी एक, आणि त्या गीतात स्टालिनची स्तुती होती. स्टालिन गेल्यावर ते शब्द गैरसोयीचे झाले, म्हणून बरीच वर्षं नुसती धूनच वाजत राहिली. १९७७ मध्ये मिखाल्कोव्हनेच स्टालिनला वगळून सुधारित शब्द दिले. सोव्हिएत संघ कोसळला. नव्या रशियाने काही वर्षं दुसरीच, शब्दांविना असलेली धून वापरली आणि २००० मध्ये जुनी चाल परत आणली. शब्द पुन्हा मिखाल्कोव्हचेच. तेव्हा तो ८७ वर्षांचा होता, आणि या वेळी गीतात देव आला होता. एकच चाल, एकच हात, आणि तीन वेगवेगळे देश वाटावेत असे तीन मजकूर.

## पाच भाषांचं गीत

१९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपली तेव्हा दोन गीतं आमनेसामने उभी होती. एक 'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका', म्हणजे 'देवा, आफ्रिकेला आशीर्वाद दे'. एनॉक सोंटोंगा नावाच्या शिक्षकाने १८९७ मध्ये रचलेली ही प्रार्थना पुढे स्वातंत्र्यलढ्याचं गीत झाली. दुसरं 'दी स्टेम', आफ्रिकान्स भाषेतलं, वर्णभेदी सरकारचं राष्ट्रगीत. एका गीताचे लोक दुसऱ्या गीताच्या लोकांच्या तुरुंगात होते, इतकं त्यांच्यातलं अंतर.

आधी दोन्ही गीतांना राष्ट्रगीताचा दर्जा दिला गेला. मग १९९७ मध्ये त्यांचा सांधा जोडून एक गीत केलं. सुरुवात खोसा भाषेत, मग झुलू, मग सेसोथो, मग 'दी स्टेम'मधल्या आफ्रिकान्स ओळी आणि शेवट इंग्रजीत. दोन्ही गीतांची पट्टी वेगळी असल्याने मधेच सूर बदलतो. ज्या पट्टीत गीत सुरू होतं त्या पट्टीत ते संपत नाही. कान देऊन ऐकलं तर हा जोड स्पष्ट ऐकू येतो.

सगळे यावर खूश नाहीत. 'दी स्टेम'चा भाग काढून टाका, ही मागणी आजही होते आणि तिच्यामागची वेदना खरी आहे. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनी त्या काळाचं गाणं का म्हणावं? या प्रश्नाला बाहेरच्या माणसाने सोपं उत्तर देऊ नये. मला एवढंच दिसतं, की त्या गीतात जखम झाकलेली नाही. प्रत्येकाला दुसऱ्याच्या भाषेतल्या काही ओळी शिकाव्या लागतात.

## एका ओळीतला देश

ब्रीदवाक्यांमध्ये मराठी वाचकाला चटकन ओळखू येईल असं एक इंडोनेशियाचं आहे: 'भिन्नेक तुंगल इक'. यातलं 'भिन्न' आपलंच. अर्थ असा, की भिन्न असलं तरी ते एकच. ही ओळ चौदाव्या शतकातल्या 'सुतसोम' या जुन्या जावानीज काव्यातली. कवी म्पु तंतुलर. तिथे संदर्भ शिव आणि बुद्ध यांचा आहे. तत्त्व एकच, धर्मात द्वैत नाही, असं कवी सांगतो. आज इंडोनेशियात मुसलमान बहुसंख्य आहेत आणि देश १७ हजारांहून अधिक बेटांवर पसरला आहे. त्या देशाच्या राजमुद्रेवरचा गरुड ही ओळ पायात धरून उभा आहे.

दक्षिण आफ्रिकेने २००० मध्ये ब्रीदवाक्य निवडताना आणखी पुढचं पाऊल टाकलं. तेव्हाच्या अकरा अधिकृत भाषांपैकी एक निवडली तर बाकीच्या दहा रुसणार. म्हणून त्यांनी 'खाम' ही भाषा घेतली. तिथल्या मूळ रहिवाशांची ही भाषा आता कुणीच बोलत नाही. जी आज कुणाचीच नाही, तिच्यावर सगळ्यांचा सारखाच हक्क.

'नुसत्या तीन शब्दांनी काय होतं' असं वाटत असेल तर फ्रान्सकडे पाहा. 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे तिथल्या प्रजासत्ताकाचं ब्रीद. १९४० मध्ये जर्मनीपुढे शरणागती पत्करल्यावर जे विशी सरकार आलं, त्याने ते हटवून 'काम, कुटुंब, पितृभूमी' असं केलं. नाण्यांवरही तेच उमटलं. शब्द बिनमहत्त्वाचे असते तर ते बदलण्याची त्यांना एवढी घाई का झाली असती?

आपलं 'सत्यमेव जयते' मुण्डक उपनिषदातलं. मूळ वाक्यात पुढे 'नानृतम्' आहे: सत्याचाच विजय होतो, असत्याचा नाही. राजमुद्रेवर अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धंही सगळ्यांना पाठ असावं, असं मला मनापासून वाटतं.

## पण शब्द बदलले तर इतिहास पुसला जात नाही का?

हा आक्षेप रास्त आहे, म्हणून उदाहरणंच पाहू. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रगीतातला एकच शब्द बदलला. 'आम्ही तरुण आणि मुक्त' ऐवजी 'आम्ही एक आणि मुक्त'. कारण तिथले मूळ रहिवासी त्या भूमीवर पन्नास हजारांहून अधिक वर्षं राहत आहेत. देशाला 'तरुण' म्हणणं म्हणजे त्यांना फोटोतून बाहेर काढणं.

ऑस्ट्रियाने २०१२ पासून 'थोर पुत्रांची भूमी' या ओळीत कन्यांनाही जागा दिली. ते गीत मुळात एका कवयित्रीचं आहे. कॅनडाने २०१८ मध्ये इंग्रजी गीतातल्या 'पुत्रां'च्या जागी 'आपण सगळे' आणले, तेव्हा परंपरा मोडल्याची ओरड झाली. पण १९०८ च्या मूळ इंग्रजी मजकुरात 'पुत्र' नव्हतेच. ते काही वर्षांनी घुसले होते. आपण ज्याला परंपरा म्हणतो तीही कधीतरी केलेली दुरुस्तीच असते.

बदलायलाच हवं असंही नाही. फ्रान्सच्या 'मार्सेयेज'मध्ये शत्रूच्या रक्ताने शेतं भिजवण्याची भाषा आहे. ते १७९२ च्या युद्धात, आक्रमण तोंडावर असताना लिहिलेलं गीत. फ्रान्सने ते तसंच ठेवलं आहे.

## मग म्हणायची सक्ती असावी का?

१९८५ मध्ये केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांना शाळेतून काढून टाकलं गेलं. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शांतपणे उभं राहणं हा अनादर नाही आणि न गाणं हा गुन्हा नाही, हा त्याचा आशय. १९७१ चा कायदाही राष्ट्रगीत गाण्यात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्याला शिक्षा सांगतो, न गाणाऱ्याला नाही. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणं बंधनकारक केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक केलं.

सगळे देश याच वाटेने गेले नाहीत. जपानने 'किमिगायो'ला १९९९ मध्ये कायद्याने राष्ट्रगीताचा दर्जा दिला. शाळेतल्या समारंभात शिक्षकांना उभं राहण्याचा आदेश देणं घटनेला धरून आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं.

माझा कौल केरळच्या निकालाकडे आहे. एकत्र फोटोत हसायला लावता येतं, पण ते हसू फोटोत कळतंच. राष्ट्रगीताची सगळी ताकद माणसं आपणहून उभी राहतात यात आहे.

## चाल उसनी असली तर?

'मूळ चाल दुसऱ्याची आहे' हा आरोप कुठल्याही राष्ट्रगीतावर फेकला जातो. पण उसन्या चाली मोजायला बसलो तर यादी लांबत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रगीताची चाल लंडनमधल्या एका मंडळाच्या गाण्याची. जर्मनीची चाल हायडनने १७९७ मध्ये बांधली ती ऑस्ट्रियातल्या सम्राटासाठी. ब्रिटन आणि चिमुकल्या लिश्टेनश्टाइनची चाल आजही एकच आहे.

फिनलंड आणि एस्टोनियाचंही तसंच. फ्रेडरिक पासियसची १८४८ ची चाल दोघांनी घेतली, शब्द आपापले. एस्टोनियासाठी ते वृत्तपत्र चालवणाऱ्या यान्सन यांनी लिहिले आणि १९२० मध्ये ते राष्ट्रगीत झालं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि ते म्हणायला बंदी झाली.

पण एस्टोनियाची राजधानी टॅलिन, तिथून फिनलंडची राजधानी हेलसिंकी जेमतेम ८० किलोमीटर, मधे फक्त समुद्र. फिनलंडचा रेडिओ उत्तर एस्टोनियात ऐकू यायचा, आणि दिवसाचं प्रसारण संपताना फिनलंडचं राष्ट्रगीत लागायचं. म्हणजे तीच चाल. शेजारच्या देशाच्या नावाने वाजणारी ती धून टॅलिनमधल्या घरांत ऐकली जायची आणि ऐकणाऱ्याला आपले शब्द आठवायचे. १९९० मध्ये एस्टोनियाने आपलं राष्ट्रगीत परत आणलं, त्याच चालीवर, यान्सनच्या त्याच शब्दांत.